चालत पंधरा मिनिटं

"अडीचला या," म्हणाली खिडकीतली बाई,
वारस-दाखल्याचा कागद परत माझ्याकडे सरकवत.
साहेब जेवायला गेलेत
आणि शिक्का त्यांच्या खिशात.

तर दोन तास.
आणि पिशवीत बाबांचा नकाशा,
भरणा-पावतीच्या पाठीवर, निळ्या शाईतला.
पूल म्हणजे दोन रेघा,
खाली पाण्यासाठी तीन लाटा, शाळेत काढतात तशा.
पुलाच्या टोकाला बाण: "इथे उतरा."
पलीकडे ज्याच्या त्याच्या पुढे मिनिटं:
पोस्ट सहा. इगर्ज अकरा.
मारुती वीस (घाम धरून).
फोंताइन्यश, चालत, पंधरा.
बांद्याला आईला पाठवला होता,
पोरांना घेऊन एकदा ये म्हणून.
आई गेली नाही. तांदळाच्या डब्याखाली
नकाशा मात्र सपाट राहिला.

पाटोच्या पुलावर मी जरा उभी राहिले.
मांडवीवरच्या मोठ्या पुलांचं कौतुक सगळेच करतात;
हा बुटका, पाठ वाकवून
खाडीला खालून जाऊ देणारा.
दूर नदीत जुगाराची जहाजं
भर दुपारी दिवे लावून.
उजाडलंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

घड्याळ लावून चालले.
पोस्ट: सहा. बरोबर.
इगर्ज: अकरा. पायऱ्या न धरता.
पायऱ्यांवर एक नवं जोडपं,
"मावशी, आमचा दोघांचा काढा ना."
काढला. एका कोपऱ्यात माझा अंगठा आला असणार.
मारुती सोडून दिला, गुडघा ऐकेना.
पुन्हा पुलाशी आले (नकाशा तिथूनच सुरू होतो)
आणि खाडीच्या कडेनं निघाले.
निळी भिंत. मोहरीच्या फुलासारखी पिवळी.
खिडकीत शंख, शिंप्याच्या यंत्राचा आवाज.
फोंताइन्यश. पाच मिनिटं.

पाच?
बाबा चुकत नसत.
फाझेंदात सव्वीस वर्षं टायपिस्ट,
एका काना-मात्रेसाठी अख्खं पान फाडणारा माणूस.

शिंप्यानं यंत्र थांबवलं. सिप्रियान त्याचं नाव,
ओठांत दोन टाचण्या.
"तूं कोणाली गो?"
सांगितलं. मान हलवली त्यानं.
"फाझेंदातले? तें सगळे छत्री घेऊन वयताले, बाय.
तोंडां कोणें पळयल्यांत?"
मग स्टूल पुढे केलं, पाणी दिलं,
आणि माझ्या ब्लाऊजची उसवलेली बाही
न विचारता दोन टाक्यांत धरली.

परतताना पायपुलावर एक पोरगा
गळ सोडून पोटावर आडवा.
ओहोटी. चिखलावर बोटभर पाणी
आणि त्यात शेवटे, शेकड्यांनी,
एकदम वळणारे, एकदम चकाकणारे.
शेवटे म्हणतात, पण संपतच नाहीत.
पोराला एकही लागला नाही.
दोनदा आमिष बदललं त्यानं,
तिसऱ्यांदा पाव स्वतःच खाल्ला.
मी हसले, तोही,
आणि मनगटाकडे पाहिलं: सात मिनिटं गेली होती.

पाच आणि सात, बारा.
उरलेली तीन कुणाची?
आईला भिंती बघायला धरली असतील,
की मला खाली उतरवून
दुसऱ्या कडेवर घ्यायला?
की छत्रीखालचा तो माणूस रोज
आणखी कुठे तरी थांबत होता, नकाशात न लिहिता?

वरच्या रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला.
अडीच होऊन गेले होते.
पाटोच्या पुलावर मी पळाले नाही.

"उशीर केलात," खिडकीतली बाई म्हणाली.
म्हटलं, चालत आले.